उरणची भट्टी, मोहाचं फूल

इटलीच्या लिव्होर्नो बंदरात ब्रँडीत व्हॅनिला आणि संत्र्याचा स्वाद मुरवून ‘तुआका’ नावाचं लिकर तयार झालं आणि सातासमुद्रापार विकलं गेलं. मुंबईसमोरच्या उरणातही एकेकाळी बंदर होतं, भट्ट्या होत्या आणि शेजारी हमखास गिऱ्हाईक होतं. त्या मालाच्या नशिबी मात्र लेबलाऐवजी परवाना आला.

माल मोहाचा. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली मोहाच्या फिकट, मांसल फुलांचा सडा पडतो. कातकरी-ठाकर बायका उजाडताच ती वेचतात. वाळली की फुलं तपकिरी होतात, मनुकांसारखी चिकट आणि गोड. मग ती पाण्यात भिजवून आंबवायची, तांब्याच्या हंड्यात उकळायची आणि नळीतून येणारी वाफ थंड पाण्यावर निववायची. एकदा गाळली ती राशी, पुन्हा गाळली तो बेवडा. कडक, उग्र आणि मागे फुलाचा गोडसर दर्प ठेवणारी ही दारू.

उरणच्या भट्ट्या पारशी मालकांच्या होत्या. मुलखातली फुलं पुरत नसत, म्हणून गुजरातेतून गलबतांनी येत. मुंबई खाडीपलीकडे असल्यामुळे दारू न्यायला सोयीचं होतं, आणि भट्ट्या एकाच ठिकाणी असल्या की सरकारला कर वसूल करणंही सोपं. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने हा कारभार आणखी घट्ट आवळला. दारू ‘60 अंडर प्रूफ’, ‘25 अंडर प्रूफ’ अशा ठरलेल्या मापात विकली जाऊ लागली. आजच्या हिशेबात ती सुमारे 23 आणि 43 टक्के मद्यार्काची.

पण झाड तर प्रत्येक रानात होतं. कर भरलेली दारू महाग, घरची जवळजवळ फुकट. तेव्हा सरकारने फुलावरच हात टाकला. 1892 च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही फुलं बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध आले. मोह हे नुसतं दारूचं साधन नाही, गरिबाच्या पोटाचा आणि गुराच्या चाऱ्याचा आधार आहे, असा आक्षेप घेतला गेला. तरी कायदा झालाच. स्वातंत्र्यानंतर 1949 च्या दारूबंदी कायद्यानेही मोहाकडे संशयानेच पाहिलं.

आता वारं फिरलंय. गोव्यातल्या डेस्मंड नाझरेथ यांनी 2018 मध्ये मोहाचं मद्य आणि लिकर बाटलीबंद करून बाजारात आणलं. 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोह-काजूच्या दारूला ‘देशी’च्या यादीतून काढून ‘विदेशी’चा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्याच रानातल्या फुलाला प्रतिष्ठा हवी तर परदेशी व्हावं लागतं, ही त्यातली गंमत.

चव तेव्हाही होती. नव्हती ती मोकळीक. ती आता मिळू लागली आहे, तर बाटलीच्या किमतीतला किती वाटा पहाटे फुलं वेचणाऱ्या बाईच्या पदरात पडतो, यावरच या प्रतिष्ठेचा कस लागेल.