हाउस रेन : कृत्रिम घरटी व निगा

पॅसेरिफॉर्मीझ गणाच्या ट्रॉग्लोडायटिडी कुलातील एक लहान गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव ट्रॉग्लोडायटीझ ईडॉन. या कुलात सु. ९० जाती असून एक सोडून बाकी सर्व अमेरिका खंडांपुरत्या मर्यादित आहेत. उरलेली जाती यूरोप व आशियात असून भारतात ती हिमालयात आढळते. महाराष्ट्रात या कुलातील एकही पक्षी नाही. पक्ष्यांवरील जुन्या इंग्रजी पुस्तकांत वटवट्यांना ‘रेन-वॉर्ब्लर’ म्हटलेले असले, तरी ते वेगळ्या कुलातील आहेत.

हाउस रेन ११–१३ सेंमी. लांब असून वजन सु. १०–१२ ग्रॅ. असते. रंग वरून तपकिरी, खालून फिकट. पंख व शेपटी यांवर गडद आडव्या रेषा असतात. आखूड शेपटी तो पुष्कळदा उभारून धरतो. कॅनडाचा दक्षिण भाग व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे त्याची वीण होते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडील राज्यांत व मेक्सिकोत जातो. दक्षिण अमेरिकेतील त्याचे निकटचे आप्त पूर्वी याच जातीत गणले जात. २०२४ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने ते वेगळ्या जातीत घातले.

वीण : या पक्ष्याला लाकूड पोखरता येत नाही. त्यामुळे झाडांच्या ढोल्या व सुतार पक्ष्यांनी सोडलेली बिळे यांवर तो अवलंबून असतो. माणसाच्या वस्तीत डबे, बूट, वाळलेले पोकळ भोपळे यांतही तो घरटे करतो. जॉन जेम्स ऑड्युबॉन यांनी जुन्या टोपीत घरटे केलेले हाउस रेनचे कुटुंब चित्रित केले आहे. वसंत ऋतूत नर प्रथम येऊन जागा बळकावतो आणि आसपासच्या अनेक पोकळ्यांत काटक्या भरून ठेवतो. मादी त्यांपैकी एक निवडून तीत गवत, केस व पिसे यांचे अस्तर घालते. एका वेळी बहुधा ४–८ अंडी असतात. ती पांढरट असून त्यांवर तांबूस तपकिरी ठिपके असतात. फक्त मादी सु. १२–१३ दिवस अंडी उबविते. पिले सु. १५–१७ दिवसांनी घरटे सोडतात. एका हंगामात बहुधा दोन वेळा वीण होते.

पेटीत राहणारा पक्षी सहज पकडता व पाहता येतो, म्हणून त्याच्यावर पुष्कळ संशोधन झाले. ओहायओ राज्यात एस्. प्रेंटिस बॉल्डविन यांनी पायांत कडी घालून पक्ष्यांची नोंद ठेवली; एकाच हंगामातील दोन विणींच्या दरम्यान जोडीदार बदलतात, हे त्यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.

पेटी व निगा : पेटी रंग वा रसायन न लावलेल्या, सु. २ सेंमी. जाड लाकडाची करावी. तळ सु. १० × १० सेंमी. व उंची सु. २० सेंमी. पुरते. प्रवेशद्वाराचा व्यास सर्वांत महत्त्वाचा. तो २५–२९ मिमी. ठेवल्यास यूरोपातून आणलेल्या चिमणीला आत शिरता येत नाही, ३२ मिमी. भोकातून ती कधीकधी शिरते. दाराशी बसण्यासाठी दांडी लावू नये. तिचा उपयोग शत्रूंनाच होतो. तळाला पाणी निथळण्यासाठी व वरच्या बाजूस हवेसाठी भोके, पुढे आलेले छप्पर आणि उघडता येणारी एक बाजू असावी. झुडपांच्या कडेला, जमिनीपासून १·५–३ मी. उंचीवर पेटी बसवावी. ती धातूच्या खांबावर बसवून खाली शंकूच्या आकाराचे पत्र्याचे आडकाठण लावल्यास मांजर व रॅकून यांना वर चढता येत नाही.

हा पक्षी कीटक व कोळी खातो, त्यामुळे दाणे टाकून तो येत नाही. दाट झुडपे, काटक्यांचे ढीग आणि कीटकनाशकविरहित बाग हेच त्याचे खरे आमंत्रण होय. पेटीची पाहणी थोडक्यात करावी, पिले सु. १२ दिवसांची झाल्यावर ती उघडू नये, अन्यथा ती वेळेपूर्वीच बाहेर पडतात. हंगाम संपल्यावर जुने घरटे काढून पेटी साफ करावी.

इतर पक्ष्यांवरील परिणाम : हाउस रेन शेजारच्या घरट्यांतील अंडी चोचीने फोडतो, लहान पिले मारतो व पोकळी काटक्यांनी भरून टाकतो. ब्लूबर्ड, चिकॅडी, ट्री स्वॉलो इत्यादींना याची झळ पोहोचते. आयोवा राज्यातील पक्षिनिरीक्षक अल्थीआ शेर्मन यांनी १९२५ मध्ये द विल्सन बुलेटिनमधील लेखात रेनच्या पेट्या काढून टाकाव्यात, असे प्रतिपादन केले व त्यावरून वाद माजला. पूर्वेकडील राज्यांतून ब्यूइक्स रेन जवळजवळ नाहीसा झाला, याच्या संभाव्य कारणांत हाउस रेनचा प्रसार गणला जातो. हाउस रेनचे हे वर्तन मात्र नैसर्गिक आहे. ढोल्या थोड्या असल्यामुळे स्पर्धा मुळातच तीव्र असते. झुडपांच्या बागेतील पेट्या तिचे पारडे एका बाजूला झुकवतात.

तथापि हा देशी पक्षी असल्याने १९१८ च्या स्थलांतरी पक्षी करार कायद्याने त्याला संरक्षण आहे. अंडी वा पिले असलेले घरटे हलविणे बेकायदेशीर ठरते. म्हणून उपाय पेटी बसविण्यापूर्वीच योजावा लागतो. ब्लूबर्डच्या पेट्या झुडपांपासून दूर, उघड्या गवताळ जागी ठेवाव्यात. त्यांच्या शेजारी रेनची पेटी लावू नये. ज्या बागेत इतर ढोलीवासी पक्षी आधीच वीण करतात, तेथे रेनसाठी पेटी न बसविणे हेच श्रेयस्कर होय.