संथ रस्त्यावरची जीटीओ : वुडवर्ड क्रूझआधीची घरगुती दुरुस्ती

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातून निघून वायव्येला पॉन्टियाक शहराकडे जाणारा वुडवर्ड अव्हेन्यू हा रुंद रस्ता १९६०च्या दशकात सिग्नलपासून सिग्नलपर्यंत रंगणाऱ्या बेकायदा शर्यतींसाठी प्रसिद्ध होता. त्याच रस्त्यावर १९९५ मध्ये, फर्नडेल या उपनगरात मुलांसाठी फुटबॉलचे मैदान उभारण्याकरिता निधी जमवावा म्हणून, जुन्या मोटारींची एक सामूहिक फेरी काढण्यात आली. तीच पुढे ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ या नावाने दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी भरू लागली. क्रूझ म्हणजे शर्यत नव्हे. हजारो गाड्यांच्या गर्दीत, पाहणाऱ्यांना गाडी नीट दिसेल अशा संथ गतीने सुमारे १६ मैलांच्या पट्ट्यात फिरत राहणे, एवढाच तिचा अर्थ आहे. मात्र ज्या गाड्यांसाठी हा मेळा ओळखला जातो, त्या मसल कार नेमक्या उलट कामासाठी, म्हणजे थांबलेल्या स्थितीतून क्षणार्धात वेग घेण्यासाठी, घडवलेल्या असल्यामुळे क्रूझआधी घरोघरच्या गॅरेजमध्ये चालणाऱ्या दुरुस्तीला एक वेगळीच दिशा मिळते.

मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीसाठी बनवलेले व्ही-आठ इंजिन, म्हणजे चार-चार सिलेंडरच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या कोनात ठेवून रचलेले इंजिन, बसवले की मसल कार तयार होते. या प्रकाराची खरी सुरुवात १९६४च्या पॉन्टियाक जीटीओपासून झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात आणि ते योग्यच आहे. मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालू नये, असे जनरल मोटर्सचे अंतर्गत बंधन होते. त्याच कंपनीच्या पॉन्टियाक विभागाचे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन नवे मॉडेल म्हणून नव्हे, तर टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायचा पर्याय म्हणून बाजारात आणले आणि त्या बंधनातून वाट काढली. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. एकाच कार्बोरेटरसह या इंजिनाची शक्ती ३२५ अश्वशक्ती, तर तीन कार्बोरेटर ओळीने बसवलेल्या आवृत्तीत ती ३४८ अश्वशक्ती असल्याचे कंपनी सांगत असे.

संथ गर्दीत या इंजिनाचा पहिला शत्रू म्हणजे उष्णता. रेडिएटरमधून हवा ओढणारा पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनाच्याच गतीने फिरत असल्यामुळे गाडी रेंगाळली की तोही मंदावतो, आणि समोरून येणारा वाराही तेव्हा नसतो. म्हणून रेडिएटरची जाळी स्वच्छ करणे, कूलंट बदलणे, थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप गरम पाण्यात बुडवून तपासणे आणि पंख्याभोवतीचे हवा वळवणारे आवरण असल्यास ते जागेवर असल्याची खात्री करणे, ही कामे इंजिनाची ताकद वाढवण्याच्या कोणत्याही हौसेपेक्षा अधिक मोलाची ठरतात.

तरीही इंजिन तापत असेल, तर दोष पुष्कळदा पाण्यात नसून ठिणगीत असतो, आणि हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला ठिणगीचा प्रवाह वाटून देणाऱ्या भागात, ‘पॉइंट’ असतात, म्हणजे फिरत्या कॅममुळे उघडझाप होणारे दोन धातूचे संपर्क. ते उघडताच कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. कॅमवर घासणारा पॉइंटचा तुकडा झिजला की फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि उशिरा जळणाऱ्या मिश्रणाची उष्णता काम न करता एक्झॉस्टच्या वाटेने आजूबाजूच्या धातूत व पाण्यात शिरते. या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक सरकती पत्र्याची खिडकी असून तिच्यातून ॲलन की घालून, इंजिन चालू असतानाच, पॉइंट लावता येतात. पॉइंट मिटलेले असताना कॅम जितके अंश फिरतो तो ‘ड्वेल’ कोन मीटरवर ३० अंशांच्या आसपास आणायचा असतो. पॉइंट हलले की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही हलते, त्यामुळे आधी ड्वेल आणि मगच, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करून, टायमिंग लाइटने टायमिंग पाहणे हा क्रम मोडता येत नाही. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसवलेल्या मिस्त्रींना यातले तत्त्व नव्याने शिकावे लागणार नाही. निदान आणि उपाय दोन्ही डोळ्यांना दिसावेत, अशी ही रचना घरच्या दुरुस्तीला खरोखर अनुकूल आहे.

इंधनाच्या बाबतीत काळ बदलला आहे. आजच्या अमेरिकी पेट्रोलमध्ये सामान्यतः १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरमधील गॅस्केट खराब करते, म्हणून नव्या इंधनाला टिकणाऱ्या नळ्या घालाव्याच लागतात.

सर्वांत गंभीर प्रश्न ब्रेकचा आहे. १९६४च्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकाच कप्प्याचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पॅडलचा दाब ब्रेक ऑइलमार्फत चाकांकडे पोहोचवणारा भाग, आहे; पॉन्टियाकवर दुहेरी मास्टर सिलेंडर १९६७च्या मॉडेलपासून आला. याचा अर्थ असा की एखादी गंजलेली नळी फुटली किंवा एका चाकाचा सिलेंडर गळला, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, आणि मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे नळ्या गंजण्याचा धोका मोठा असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषत असल्याने बंद ठेवलेल्या गाडीतही ते बदलावे लागते, आणि त्यानंतर मास्टर सिलेंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करून, एकाने पॅडल दाबायचे व दुसऱ्याने निपल सैल करायचे, अशा रीतीने हवा काढावी लागते. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी, आणि जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. क्रूझला थोडेच दिवस उरले असतील, तर क्रोमची चमक पुढच्या वर्षावर टाकावी, रेडिएटर आणि पॉइंट लावून घ्यावेत, पण ब्रेकच्या नळ्या तपासल्याशिवाय ही गाडी गॅरेजबाहेर काढू नये.