भाषांतरासाठी कोणती भाषा शिकावी? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पदवी हातात आली की हैदराबादच्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो : भाषांतराच्या क्षेत्रात जायचं तर जर्मन घ्यावी, जपानी की फ्रेंच? शहरात शिकण्याची सोय उत्तम आहे. तार्नाक्याजवळ इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणजे ‘इफ्लू’ आहे. 1958 साली सुरू झालेली ही संस्था 2007 पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. गच्चीबावलीकडे हैदराबाद विद्यापीठ आणि मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, दोन्हीकडे भाषांतराचं रीतसर शिक्षण मिळतं. तरीही निवड चुकते, कारण ती बहुतेक वेळा ऐकीव गोष्टींवर होते.

गैरसमज : ज्या भाषेचे बोलणारे जास्त, तिच्यात काम जास्त.

वस्तुस्थिती : काम एका भाषेला मिळत नाही, भाषांच्या जोडीला मिळतं. हिंदी-इंग्रजी जोडीत काम भरपूर आहे, पण स्पर्धाही तेवढीच. केंद्र सरकारच्या कनिष्ठ अनुवादक पदासाठी कर्मचारी निवड आयोग जी परीक्षा घेतो, तिला पदव्युत्तर पदवी लागते आणि जोडीला अनुवादाची पदविका किंवा अनुभव. मराठी-तेलुगूचं तसं नाही. देगलूर, बिलोली, सिरोंचा, आदिलाबाद या पट्ट्यात आणि सोलापूरच्या विणकर वस्तीत या दोन भाषा रोज एकमेकींना भेटतात, पण दोन्हींत नेटकं लिहिणारी माणसं मोजकीच आहेत. तेलंगणाने 2018 साली कायदा करून शाळांत तेलुगू सक्तीची केली. म्हणजे इथल्या मराठी मुलांना हे भांडवल शाळेतच मिळतं. एवढ्या एका जोडीवर घर चालेल या भरवशावर मात्र राहू नये. तिसरी भाषा म्हणून पक्की इंग्रजी लागतेच.

गैरसमज : परकी भाषेचं प्रमाणपत्र मिळालं की भाषांतरकार झालो.

वस्तुस्थिती : प्रमाणपत्र नेमकं कशाचं आहे, ते आधी बघावं. जपानीची जी परीक्षा जगभर मानली जाते, तिच्यात एन-5 ते एन-1 अशा पायऱ्या आहेत. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण एवढंच ती तपासते. बोलण्याची आणि स्वतः लिहिण्याची परीक्षा तिच्यात नसते. वेळेचाही अंदाज हवा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला जपानीसाठी सुमारे 2,200 तासिका लागतील असं धरते. स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. मराठी विद्यार्थ्याला जपानी वाक्यरचना जवळची वाटते, कारण तिथेही क्रियापद शेवटी येतं. पण नेहमीच्या वापरातल्या 2,136 कांजी चिन्हं कुणालाच चुकत नाहीत. ही भाषा जरूर घ्यावी, फक्त दोन वर्षांत कमाई सुरू होईल असा हिशेब मांडू नये.

गैरसमज : मराठी तर येतेच, ती काय शिकायची?

वस्तुस्थिती : भाषांतरकाराची कसोटी लागते ती ज्या भाषेत तो लिहितो तिथे. उमा कुलकर्णी यांनी कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’चा मराठी अनुवाद केला आणि त्याला 1989 सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांची कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे : पती विरुपाक्ष कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करत आणि उमाताई तो ऐकून मराठीत उतरवत. मूळ भाषेची लिपी दुसऱ्याने वाचून दिली तरी चाललं. मराठी मात्र स्वतःचीच लागली. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या हैदराबादी मुलांचं नेमकं इथे अडतं. त्यांनी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी भरावी आणि रोज एक पान लिहावं. कोणत्याही परकी भाषेच्या शुल्काआधी हा खर्च करावा.

गैरसमज : उर्दू, फारसी, मोडी इतिहासजमा झाल्या.

वस्तुस्थिती : मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा शेवटचा कारभार उर्दूत चालला. त्या काळचा एखादा महसुली कागद हातात घ्या. अक्षर घसटून लिहिलेलं, सन फसली, महिने दै, बहमन, खुर्दाद. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन निघतो, हे माहीत नसेल तर साऱ्या तारखा चुकतात. 2023 साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडीचे जाणकार शोधावे लागले. हैदराबादच्या पुराभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळातल्या फारसी कागदांचा मोठा साठा आहे.

या वाटेवरचं मोठं नाव सेतुमाधवराव पगडी यांचं. 1910 साली निलंग्यात जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानाच्या मुलकी सेवेत होते. नोकरी करता करता ते गोंडी आणि कोलामी शिकले, आणि मोगल-मराठा संघर्षाची फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली. 1992 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांनी भाषा निवडल्या त्या आजूबाजूची माणसं आणि समोरचे कागद पाहून.

गैरसमज : भाषा आली की कुठलाही मजकूर जमतो.

वस्तुस्थिती : याचं उत्तर उस्मानिया विद्यापीठाने शंभर वर्षांपूर्वीच दिलं. उर्दूतून उच्च शिक्षण द्यायचं ठरल्यावर 1917 साली ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग उभा राहिला. परिभाषा ठरवायला तिथे विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत. आजही औषधाचं माहितीपत्रक, विम्याचा करार, न्यायालयाचा निकाल यांना भाषेच्या जोडीला विषय लागतो. विज्ञान किंवा वाणिज्य शिकलेल्याने आपली पदवी वाया गेली असं मुळीच समजू नये.

गैरसमज : आता यंत्र सगळं करतं, शिकून उपयोग नाही.

वस्तुस्थिती : हैदराबादच्याच ट्रिपल आयटीत भारतीय भाषांच्या यंत्रानुवादावर कित्येक वर्षं काम चालू आहे, आणि सोपा, ठरावीक साच्याचा मजकूर यंत्र झपाट्याने करतं. त्यामुळे कच्च्या भाषांतराचं मोल घटणार, हे मान्य करायलाच हवं. पण डोसमधला एक दशांश चुकला किंवा करारातला नकार गळला, तर ते ओळखायला दोन्ही भाषा आणि विषय जाणणारा माणूस लागतो, आणि जबाबदारीची सहीही त्यालाच करावी लागते. जेमतेम भाषा येणाऱ्याचं काम यंत्र घेईल. उत्तम येणाऱ्याची गरज राहील.

तेव्हा निवड करताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी कोणत्या भाषेत निर्दोष लिहू शकतो? कोणती भाषा रोज माझ्या कानावर पडते, म्हणजे पुढची दहा वर्षं टिकेल? आणि कोणत्या विषयाचं वाचन मला कंटाळा न येता जमतं? हैदराबादच्या मराठी मुलामुलींना मराठी, तेलुगू, दख्खनी-उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच भाषा एकाच गल्लीत ऐकायला मिळतात. त्यांतल्या दोन आधी लिहिण्याइतक्या पक्क्या कराव्यात. मग जर्मन किंवा जपानी खुशाल घ्यावी. ती या पायावर नीट उभी राहील.