सुताराचा पुतळा आणि सुताराचं मेट

सुतार म्हणजे काय हे आपल्या गावात कुणाला सांगायला नको. तरी मी त्याविषयीच लिहिणार आहे. आमच्या घरी सुतारकाम आहे. शिवाय यंदाच्या सहलीपासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जुनं सुतारकाम जपून ठेवायचं म्हणजे नेमकं काय जपायचं? हत्यारं, वस्तू की आणखी काही?

सहलीत आपण कोल्हापूरजवळच्या कणेरीला गेलो होतो. तिथल्या सिद्धगिरी मठात ग्रामजीवन संग्रहालय आहे. जुन्या खेड्यातली माणसं जशी होती तशी पुतळ्यांच्या रूपात तिथं मांडली आहेत. बारा बलुतेदार आहेत, शेतकरी आहे, बैल आहेत, विहीर आहे. पुतळे इतके हुबेहूब की आपल्या वर्गातल्या दोघांनी एकाला रामराम केला. सुतारही आहे. मला तो फार आवडला. पण मी घरी येऊन आमच्या आबांना त्याचं वर्णन सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हात हलतोय का त्याचा?"

मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. तेव्हा गुरुजींनी संगणकावर आम्हाला दुसऱ्या प्रकारची संग्रहालयं दाखवली. स्वीडन देशात स्टॉकहोम शहरात स्कान्सेन नावाचं संग्रहालय आहे. आर्तुर हासेलियस या गृहस्थांनी ते १८९१ साली सुरू केलं. देशाच्या निरनिराळ्या भागांतली जुनी घरं उचलून आणून तिथं पुन्हा उभी केली आहेत आणि जुने धंदे करून दाखवणारी माणसं त्यांत काम करतात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग म्हणून गाव आहे. तिथं अठराव्या शतकातले कपडे घालून सुतार, लोहार खरोखरीचं काम करतात. चाकं करणारे सुतार वेगळे आहेत. ते हातहत्यारांनीच चाकं करतात आणि ती तिथल्या गाड्यांना बसवतात. ही त्यांची नोकरी आहे, तिचा पगार मिळतो. आपल्याकडे दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयातही खेड्यातल्यासारखी घरं आहेत. ती १९७२ सालच्या प्रदर्शनासाठी बांधली होती. तिथं देशभरातले कारागीर येऊन बसतात, काम करतात आणि केलेल्या वस्तू विकतात.

आबांना हे फार पटलं. पण असं काम वाटतं तितकं सोपं नाही. पाहायला आलेला प्रत्येक माणूस तेच तेच विचारणार, आणि सुताराने हात न थांबवता उत्तर द्यायचं. आमचे आबा काम करताना अजिबात बोलत नाहीत. मी जवळ बसले की म्हणतात, "काय बघायलीस? बघ, पण विचारू नको." म्हणून खाली जे लिहिलं आहे ते मी त्यांना रात्री जेवणानंतर विचारून घेतलेलं आहे.

आधी थोडं शब्दांविषयी. सुतार हा शब्द सूत्रधार या शब्दावरून आला असं सांगतात. सूत्र म्हणजे दोरी. लाकडावर सरळ रेघ मारायची तर गेरूत भिजवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतात आणि मधे उचलून सोडतात. सूत हे मापही आहे. एका इंचाचे आठ सूत. आबा अजूनही "दोन सूत कमी कर" असंच म्हणतात. सुतार जिथं बसून काम करतो त्या जागेला मेट म्हणतात. आबांच्या मेटात वाकस, पटाशी, किकरं, रंधा, करवत, गुण्या आणि सामता आहे. वाकस म्हणजे कुऱ्हाडीसारखं, पण पातं आडवं असलेलं हत्यार. सामता म्हणजे दोरीने फिरवून भोक पाडायचं साधन. मेटातला निम्मा वेळ धार लावण्यात जातो. पुतळ्याच्या हातातल्या हत्याराला धार लावावी लागत नाही, तेवढं त्याला बरं.

लाकूड कुठलं वापरायचं हे वस्तूवर ठरतं. औतांना आणि गाडीला बाभूळ. घराला नि दाराला साग, तो पूर्वी आपल्याकडे किनवट-माहूरच्या जंगलातून यायचा. जिथं ताकद आणि लवचिकपणा दोन्ही हवं तिथं धावडा. बाभूळ तोडल्या तोडल्या कामाला घेत नाहीत. ओंडका काही महिने पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे त्यातला रस निघून जातो आणि कीड कमी लागते. मग सावलीत सुकवतात. उन्हात टाकला की तडकतो.

आता तिफणीचं सांगते, कारण आबांना सगळ्यांत जास्त अभिमान तिचाच आहे. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औत. एक जाड आडवं लाकूड असतं, ते दिंड. दिंडाला तीन भोकं पाडून त्यांत तीन फण बसवतात. फणाच्या टोकाला लोखंड, आणि मागच्या बाजूने प्रत्येक फणात बांबूचा एक नळा येतो. तिन्ही नळे वर एकत्र येऊन चाड्याला मिळतात. चाडं म्हणजे लाकडी वाटी, तिच्या बुडाला तीन भोकं. बाई चाड्यावर मूठ धरते, मुठीतून बी सोडते आणि ते एकाच वेळी तीन ओळींत पडतं.

ऐकायला सोपं आहे. पण चाड्याचं एक भोक जरा मोठं झालं तर त्या ओळीत बी दाट पडतं आणि शेजारची ओळ विरळ. फण पुढे किती कलता हवा, हेही ठरलेलं असतं. उभा झाला तर जमिनीत घुसत नाही, फार कलला तर बैलांना ओढ बसते. एक फण खोल आणि दोन वर राहिले तर उगवण मागेपुढे होते. आबांची ज्वारीची तिफण दोन फणांत १८ इंच ठेवते. हे माप पुस्तकात सापडेल. पण फणाचा कल आबा मापत नाहीत. दिंड मांडीवर घेऊन एक डोळा मिटून बघतात आणि किकऱ्याने एक छिलका काढतात. परत बघतात. परत एक छिलका. कुणी ते शेजारी बसून चार-सहा वेळा पाहिल्याशिवाय कळत नाही. मला आत्ता कुठे थोडं कळू लागलं आहे.

बैलगाडीचं चाक याहून अवघड. मधला लाकडी गोळा तो तुंबा. तुंब्यातून बारा आरे निघतात. बाहेरच्या कडेला सहा वाकडे तुकडे जोडून गोल करतात, त्यांना पुठे म्हणतात. एका पुठ्यात दोन आरे. सगळ्या चाकात एकही खिळा नसतो! मग ते सुटत का नाही? तर बाहेरून लोखंडी धाव चढवलेली असते म्हणून.

धाव मुद्दाम चाकाच्या घेराहून जरा आखूड करतात. भोवती गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवतात. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे आपण विज्ञानात शिकलो आहोत. साडेचार फूट उंचीच्या चाकाचा घेर १४ फुटांच्या थोडा वर येतो. एवढी लांब धाव लाल तापली की एक इंचाहून थोडी जास्त वाढते. तेवढ्या वेळात चार जणांनी पकडींनी उचलून ती चाकावर बसवायची, ठोकायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते, चाक कुरकुरतं आणि सगळे सांधे आत आवळले जातात. उशीर झाला तर लाकूड जळतं. उन्हाळ्यात लाकूड सुकून चाक खिळखिळं झालं की गाडीवाले चाकं ओढ्यात बुडवून ठेवत. माळेगावच्या जत्रेला अशाच चाकांवरून आपले पणजोबा गेले. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली खेड्याच्या कारभारावर मोठं पुस्तक लिहिलं, त्याचं नावही त्यांनी 'गांव-गाडा' असंच ठेवलं.

घराच्या कामाविषयीही लिहायला हवं, कारण आपण लातूर जिल्ह्यात राहतो. जुन्या माळवदाच्या घरात खांब, खांबाखाली दगडी उथळं, वर तुळया, त्यांवर किलच आणि सगळ्यांवर मातीचा जाड थर असतो. भिंती दगड-मातीच्या. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. जाड भिंतींचे दगड सुटले, वरची माती अंगावर आली. पण काही घरांत भिंती पडल्या तरी खांब आणि तुळयांची चौकट उभी राहिली. भूकंपानंतर आबा तिकडे मदतीला गेले होते. ते त्या दिवसांविषयी फारसं बोलत नाहीत. एवढंच म्हणतात की जिथं सांधा नीट बसला होता तिथं लाकडाने माणूस वाचवला, आणि जिथं खांब उथळ्यावर नुसता टेकवला होता तिथं तो सरकला. ते सांधे आता कुणाला करता येतात? अजून कितीतरी गावांत माळवदाची घरं आहेत आणि लोक त्यांत झोपतात.

आमचे बाबा सुतारच आहेत, पण ते लातूरला प्लायवूडचं फर्निचर करतात. त्यात पैसे वेळेवर मिळतात, ते मला चुकीचं वाटत नाही. तिफण आता लोखंडी मिळते, पेरणी ट्रॅक्टरने होते, गाडीला टायर आले. आबांनी शेवटचं लाकडी चाक केलं त्याला पंधरा वर्षं झाली. आता मागणी आली तरी ते होणार नाही, कारण धाव चढवणारे लोहारकाका गाव सोडून चाकणला कंपनीत गेले. हे मला नवीन कळलं. मी समजत होते की सुतार असला म्हणजे चाक होतं. कणेरीत सुतार आणि लोहार या दोघांचेही पुतळे करून ठेवता येतात. चालू कामासाठी मात्र दोघेही जिवंत आणि एकाच गावात लागतात.

गुरुजींनी आणि शाळा समितीने एक गोष्ट ठरवली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आबा शाळेमागच्या लिंबाखाली मेट मांडणार आहेत. निम्म्या मापाची तिफण करायची, म्हणजे दोन फणांत ९ इंच. आबा काम करतील आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं मी देईन, असं आमचं ठरलं आहे. मला येणार नाही ते वहीत लिहून ठेवीन आणि रात्री विचारीन. चौथीच्या पुढच्या मुलांना रंधा हातात मिळेल, पटाशी नाही.

ज्या पालकांच्या घरी माळ्यावर जुना सामता किंवा किकरं पडून असेल त्यांनी गुरुजींना सांगावं. गंजलेलं असलं तरी चालेल. धाव चढवता येणारा लोहार अहमदपूर, चाकूर, लोहा कुठेही कुणाच्या ओळखीचा असेल तर तेही सांगावं. बाभळीचा ओंडका शाळेच्या हौदाशेजारी आणून ठेवला आहे. त्यावर कृपा करून कुणी बसू नये, आबांनी गेरूच्या खुणा करून ठेवल्या आहेत.