न्याहारी, निहारी आणि ब्रंच

परवाच्या रविवारी मुलगी म्हणाली, "अब्बा, आज घरी काही करू नका. ब्रंचला जाऊ." मी घड्याळ पाहिलं. साडेदहा. नाश्त्याची वेळ टळलेली, जेवणाची व्हायची होती. या दोहोंच्या मधल्या खाण्याला इंग्रजांनी ब्रेकफास्ट आणि लंच यांची सांधेजोड करून हे नाव दिलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी पिठाची चक्की होती. तिथं आता आठ टेबलांचं 'बिस्ट्रो' आहे. दारात काळी पाटी, तिच्यावर खडूनं लिहिलेले त्या दिवसाचे पदार्थ. आम्ही थालीपीठ मागवलं. त्यावर अर्धवट उकडलेलं अंडं आणि बाजूला लसणाची ओली चटणी. मी जरा साशंकच होतो. पण बलक फुटून थालीपिठात मुरला आणि माझं तोंड बंद झालं.

ब्रंचची वकिली पहिल्यांदा केली ती गाय बेरिंजर या इंग्रज लेखकानं, १८९५ साली, एका साप्ताहिकात. रविवारी चर्चमधून आल्यावर भरपेट जड जेवण कशाला? शनिवारी रात्री जागलेल्यांना उशिरा उठू द्या, चहा आणि मार्मलेडपासून सावकाश सुरुवात करू द्या, म्हणजे माणसं खुशीत येतील, चार गप्पा मारतील, असं त्याचं म्हणणं.

त्याचं जागरण मौजेचं होतं. माझे वडील १९८२च्या संपापर्यंत कापडगिरणीत होते. शनिवारची रातपाळी संपवून रविवारी सकाळी ते मदनपुऱ्यातून डब्यात निहारी घेऊन यायचे. रात्रभर मंद आचेवर शिजलेलं ते मटण आम्ही दहाच्या सुमाराला पावाबरोबर खायचो. मग दुपारी चूल पेटायची नाही. ब्रंच हा शब्द घरात कुणाला ठाऊक नव्हता. आपली मराठी न्याहारी आणि ही निहारी, दोन्ही शब्द एकाच घराण्यातले, फारसीच्या वाटेनं आलेले.

आता बिस्ट्रो. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक खाणावळीत 'बिस्त्रो, बिस्त्रो' म्हणजे 'लवकर, लवकर' असं ओरडायचे, त्यावरून हे नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. मोंमार्त्रमधल्या एका हॉटेलावर तशी पाटीही आहे. गोष्ट गोड आहे, पण फ्रेंच छापील मजकुरात हा शब्द दिसतो तो थेट १८८०च्या दशकात. सत्तर वर्षं तो कुठं लपून बसला होता? भाषेचे अभ्यासक या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मला त्यापेक्षा ओव्हेर्न्यहून पॅरिसला आलेल्या गरीब डोंगरी माणसांची हकिगत जवळची वाटते. आधी त्यांनी घरोघर पाणी वाहिलं, मग लाकूड-कोळशाची दुकानं टाकली. नवरा कोळसा विकायचा, तिथंच दारूचा पेला भरायचा, बायको आत एखादं कालवण रटरटत ठेवायची. मुंबईच्या नाक्यांवर इराण्यांनी हॉटेलं थाटली, त्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

या साध्या खाणावळीत नवलाई आली ती अलीकडे. ईव्ह कामदबोर्द हा तरुण बल्लव पॅरिसच्या क्रियों या बड्या हॉटेलात तयार झाला होता. १९९२ साली त्यानं शहराच्या पार दक्षिण टोकाला, चौदाव्या विभागात, 'ला रेगालाद' नावाचं छोटं हॉटेल काढलं. झुंबरं नाहीत, वेटरांची फौज नाही. जेवणाचा दर एकच आणि परवडणारा. महागडे जिन्नस बाजूला ठेवून स्वस्त मांस, हंगामातली भाजी आणि हातातलं कसब यांवर त्यानं भिस्त ठेवली. या पद्धतीला २००४ मध्ये 'बिस्ट्रोनॉमी' हे नाव मिळालं. खिसा तंग असला की डोकं चालतं, हे आपल्या आयांना शिळ्या भाकरीचा कुस्करा करताना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आमची कॉफी अजून अर्धी होती, तेवढ्यात बिल आलं. वेटर हळूच म्हणाला, "सर, बाहेर लोक थांबलेत." मला ते लागलं. नाक्यावरच्या इराण्याकडे एका पानी-कमवर मी तरुणपणी सबंध दुपार काढली आहे. अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाईड इनमध्ये वर्षानुवर्षं बसले. २००४ साली आलेल्या त्यांच्या 'काळा घोडा पोएम्स'मध्ये फुटपाथवरच्या सकाळच्या खाण्यावरच एक दीर्घ कविता आहे. ते हॉटेलही आता राहिलं नाही. टेबल रिकामं करा म्हटलं, तर कवितेनं जायचं कुठं?

मी गल्ल्यावर जाऊन हेच बोललो, जरा तिखटपणे. मालकीण तिशीची, ॲप्रनला पीठ लागलेलं. तिनं ऐकून घेतलं आणि हिशेब सांगितला. "काका, भाडं महिन्याचं, पण गिऱ्हाईक रविवारचं. एका सकाळी आठ टेबलं तीनदा भरली, तरच सोमवार ते शुक्रवार दिवा लावता येतो." यावर मी काय बोलणार? इराण्याची जागा जुन्या भाड्याची होती, हे मी तोवर कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

निघताना तिनं विचारलं, "तुम्ही लिहिता ना? मग बुधवारी तीनला या. तेव्हा इथं चिटपाखरू नसतं."

गेलो. कोपऱ्यातलं टेबल, एक कॉफी, दोन तास. पाटीवर फक्त कांद्याचं सूप होतं. बिल मागेपर्यंत आलं नाही.