डी हॅविलँड पुस मॉथ

डी हॅविलँड डीएच.८०ए पुस मॉथ हे ब्रिटनमधील डी हॅविलँड कंपनीने तयार केलेले एका इंजिनाचे हलके विमान होते. इ.स. १९३० ते १९३३ या काळात ब्रिटन व कॅनडा मिळून अशी सुमारे २८४ विमाने बांधली गेली. टाटा हवाई टपालसेवेचे १९३२ मधील पहिले उड्डाण याच प्रकारच्या विमानाने झाले. त्यामुळे भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासात त्याला विशेष स्थान आहे.

नाव व पार्श्वभूमी

कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलँड यांना कीटकांच्या अभ्यासाची आवड होती. मॉथ म्हणजे रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग. ‘पुस मॉथ’ हे अशाच एका पतंगाचे नाव आहे. १९२५ साली आलेले याच कुळातील पहिले मॉथ विमान दुपंखी होते आणि त्याची आसने उघडी होती. वारा, पाऊस व थंडी यांपासून बचाव होईल असे बंदिस्त विमान खाजगी वैमानिकांना हवे होते. त्या गरजेतून नव्या विमानाचा आराखडा तयार झाला. त्याच्या नमुना विमानाने सप्टेंबर १९२९ मध्ये पहिले उड्डाण केले.

रचना

नमुना विमानाचा सांगाडा लाकडी होता. उत्पादनासाठी मात्र पोलादी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर कापड ताणून बसवण्यात आले. पंखांची एकच जोडी कक्षाच्या माथ्यावर असल्याने आतून खालची जमीन चांगली दिसे. प्रत्येक पंखाला खालून तिरप्या दांड्यांचा आधार होता. कमी जागेत विमान ठेवता यावे म्हणून पंख मागे दुमडता येत. कक्षात वैमानिकासह दोन किंवा तीन माणसे बसत.

विमानात सुमारे १२० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे जिप्सी ३ इंजिन उलटे बसवलेले होते. सिलिंडर खाली व मुख्य दंड वर अशा या मांडणीमुळे इंजिन दृष्टीआड येत नसे आणि वैमानिकाला समोरचे अधिक स्पष्ट दिसे. चाकांच्या आधारांवरील आवरणे फिरवून वाऱ्याला आडवी करता येत. उतरताना ती ब्रेकसारखी उपयोगी पडत.

अपघात व सुधारणा

ऑगस्ट १९३२ मध्ये जेम्स मॉलिसन यांनी पुस मॉथमधून पूर्वेकडून पश्चिमेकडे एकट्याने अटलांटिक महासागर पार केला. असे करणारे ते पहिले वैमानिक होत. परंतु याच काळात काही पुस मॉथ विमाने हवेतच मोडून पडली आणि वैमानिक व प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यामुळे चूक उड्डाण करणाऱ्याची की आराखड्याची, हा प्रश्न गंभीर बनला.

ब्रिटनमधील शासकीय संशोधनसंस्थांनी याची सखोल तपासणी केली. खवळलेल्या हवेतून अतिवेगाने जाताना पंख निकामी होतात, असे तीत आढळले. लांब व सडपातळ दांडा ताण सहन करतो, पण दाबाखाली वाकतो. मध्ये टेकू दिल्यास त्याची वाकण्याची शक्यता बरीच कमी होते. या तत्त्वानुसार पंखाच्या पुढील आधारदांड्याला एक लहान जोडदांडा बसवण्यात आला. जुन्या छायाचित्रात तो दिसल्यास ते सुधारणेनंतरचे आहे, हे अभ्यासकाला ओळखता येते.

भारतातील वापर

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे.आर.डी. टाटा यांनी पुस मॉथमधून कराचीहून टपाल घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईत जुहू येथे उतरले. लंडनहून विमानाने कराचीपर्यंत येणारी पत्रे पुढे जलद पोहोचवणे हा या सेवेचा हेतू होता. मुंबईहून नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. या सेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली.

या घटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९८२ मध्ये टाटा यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केले. त्या वेळचे विमान मात्र पुस मॉथ नसून त्याची पुढील आवृत्ती लेपर्ड मॉथ होती. दोन्ही विमाने दिसायला सारखी असल्याने त्यांची गल्लत होऊ शकते. लेपर्ड मॉथचा सांगाडा प्लायवूडचा असून त्यात वैमानिक पुढे व दोन प्रवासी मागे शेजारी-शेजारी बसतात.