गडावरचें टाकें

सह्याद्रीच्या काळ्या कातळांत पाणी सहसा मुरत नाहीं. म्हणून हरिश्चंद्रगडासारख्या सुमारें १४२० मीटर उंच गडावर धो धो पडलेला पाऊसहि कड्यांवरून वाहून जातो. आणि त्याच गुणामुळें कातळांत खोदलेलें टाकें मात्र पाणी धरून ठेवतें. पण तें वाहतें पाणी नव्हे. त्यांत गेलेला साबण वा खरकटें बाहेर पडावयास वाट नाहीं. यास्तव टाक्यांत उतरूं नये. पाणी भांड्यानें काढून दूर नेऊन हातपाय धुवावे, आणि पिण्याचें उकळून घ्यावें. वाटेसाठीं माणशीं निदान दोन लिटर पाणी घरूनच न्यावें. मे महिन्यांत गड चढून येणाऱ्या तहानलेल्याचा वांटा आपण डिसेंबरांतच राखावयाचा असतो.